अकोल्याच्या वाटेवर हरवलेली ठिणगी

दात दुखतो म्हणून रात्रभर तळमळावे आणि सकाळी डॉक्टरांच्या खुर्चीत बसताच तो दुखेनासा व्हावा, हा अनुभव बहुतेकांना असेल. यंत्रांचेही असेच असते. कायमचे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्यामानाने सोपे. जे मध्येच बंद पडते, मध्येच सुरू होते आणि मिस्त्रीसमोर उभे केले की शहाण्या मुलासारखे वागते, ते माणसाला वेड लावते. पेट्रोलच्या इंजिनात या लहरीपणाचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे ठिणगी. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर ‘करंट’. आज या ठिणगीची थोडी कुळकथा सांगायची आहे आणि तिच्यापायी माझ्या घरात घडलेली एक गोष्टही.

गोष्ट १९८३ च्या मे महिन्यातली. मी तेव्हा अमरावतीत एका तंत्रशाळेत शिकवीत होतो. विषय इंजिनांचाच. फळ्यावर खडूने मॅग्नेटो काढून दाखवणे हा माझा नित्याचा उद्योग. धाकट्या बहिणीला अकोल्याच्या एका कार्यालयातून मुलाखतीचे पत्र आले होते. वेळ सकाळी अकराची. एस.टी.ची गर्दी नको म्हणून मी म्हणालो, “चल, स्कूटरने सोडतो.” स्कूटर दुसऱ्याकडून घेतलेली, जुनीच. नव्या स्कूटरसाठी तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही.

अमरावती ते अकोला अंतर शंभरेक किलोमीटर. सकाळी सातला निघालो. बडनेरा मागे पडले आणि लोणीच्या अलीकडे गाडी अचानक गप्प झाली. आचके नाहीत, धूर नाही, कोणी बटण दाबून दिवा विझवावा तशी. किका मारून घाम निघाला. वीस मिनिटे लिंबाखाली बसलो, सहज एक किक मारली आणि गाडी सुरू. वाटले, पेट्रोलमध्ये कचरा असेल. मूर्तिजापूरजवळ पुन्हा तेच. तिथे एक मिस्त्री सापडला. त्याने प्लग काढला, काळा झालेला दाखवला, नवा घातला आणि गाडी सुरू झाली. त्याला पैसे दिले, वर आभारही मानले. तो प्लग बदलत असताना फाटकातून शकुंतला चालली होती, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची नॅरोगेज गाडी. तिला तेव्हा वाफेचेच इंजिन होते. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले हे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावत होते. ते अखेर उतरवले गेले १९९४ च्या एप्रिलमध्ये. सत्तर वर्षे चाललेल्या त्या म्हाताऱ्या इंजिनाला ठिणगीची गरजच नव्हती. फायरमनने कोळसा टाकायचा आणि आग जिवंत ठेवायची, एवढेच. ती डुलत डुलत पुढे गेली आणि आम्ही तिच्या मागे फाटक उघडायची वाट पाहत राहिलो.

काटेपूर्णा ओलांडली. बोरगाव मंजूच्या आधी तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा साडेदहा झाले होते. ऊन असे की डांबराला चप्पल चिकटावी. दहा मिनिटांनी बहिणीने येणाऱ्या एस.टी.ला हात केला. ती थांबली नाही. त्यामागची थांबली. “दादा, तू ये मागून,” एवढेच बोलून ती चढली. ती पोहोचली तेव्हा पावणेबारा झाले होते आणि तिचे नाव पुकारून झालेले होते. पुन्हा बोलावण्याची पद्धत तिथे नव्हती. ती नोकरी तिला मिळालीच असती, असे मी म्हणणार नाही. पण निदान ते कळण्याची संधी माझ्या स्कूटरने घालवली, हे खरे.

आता थोडे मागे जाऊ, शंभर वर्षे आणि सातासमुद्रापलीकडे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावातून बेर्टा बेंझ नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता निघाली. नवरा कार्ल बेंझ. वाहन त्याने बनवलेले तीन चाकांचे. तिचे माहेर फोर्झहाइमला, म्हणजे बरोबर अमरावती-अकोल्याइतक्या अंतरावर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास त्याआधी कोणी केला नव्हता. वाटेत इंधन संपले तेव्हा एका औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतले. ते तेव्हा डाग काढायला विकत. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून ती मोकळी केली. आणि ठिणगीच्या तारेवरचे वेष्टण घासून निघाले तेव्हा पायमोज्याचा बंद तारेला गुंडाळून गळती थांबवली. प्रवासात भर रस्त्यावर केलेली ठिणगीची ही पहिली नोंदलेली दुरुस्ती. ती करणारी बाई कुठल्या तंत्रशाळेत शिकलेली नव्हती. मी शिकवीत होतो, तरी बोरगाव मंजूच्या रस्त्यावर माझे डोके चालले नाही. हे आठवले की आजही कान गरम होतात.

बेर्टाच्या नवऱ्यालाही सर्वांत जास्त छळले ते या ठिणगीनेच. त्या काळी इंजिनात इंधन पेटवायचे कसे, यावर एकमत नव्हते. पॅरिसच्या लेनुआरने १८६० साली विजेची ठिणगी वापरली. बॅटरी आणि रुमकॉर्फ कॉइल अशी त्याची व्यवस्था. ओटोच्या १८७६ च्या प्रसिद्ध चार-स्ट्रोक इंजिनात सरकत्या खिडकीतून चक्क जळती ज्योत आत दाखवली जाई. डाइमलरने लाल तापलेली नळी वापरली. म्हणजे इंजिनाच्या कुशीत सतत दिवा जळता ठेवायचा, आणि शेजारी पेट्रोल. बेंझ विजेवर ठाम राहिला, पण त्या काळची बॅटरी काही मैलांत थकून जाई.

यावर उपाय निघाला श्टुटगार्टच्या एका छोट्या कारखान्यात. रॉबर्ट बॉश याने १८८६ साली तो काढला होता. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्याने एका जागी बसवायच्या इंजिनाचा मॅग्नेटो बनवला. बॅटरीच नको, लोहचुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवायचे आणि हवी तेव्हा वीज तिथल्या तिथे तयार करायची. यामागचे तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते. १८९७ साली बॉशने तो एका तीनचाकी गाडीवर बसवला आणि १९०२ मध्ये त्याच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबरचा स्पार्क प्लग तयार केला. मोटारसायकल, मोटार, विमान सगळे त्यानंतर वेगाने धावले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आले की आपल्या गाड्यांतले आणि विमानांतले बहुतेक मॅग्नेटो शत्रूच्या देशातून येतात. मग घाईघाईने स्वतःचे कारखाने उभारावे लागले. लहान पिस्टन विमानांत आजही प्रत्येक इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी वैमानिक एकेक बंद करून दुसऱ्यावर इंजिन चालते का ते पाहतो. आकाशात लिंबाचे झाड नसते!

बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगळुरात ‘मायको’ सुरू झाली आणि तिचा प्लग आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एवढा रुळला की पुष्कळ मिस्त्री प्लगला प्लग म्हणण्याऐवजी मायकोच म्हणत. २००८ मध्ये त्या कंपनीचे नावही बॉश झाले. १९७२ ला पुण्याहून लुना आली, त्याच वर्षी चेतकही. वऱ्हाडातल्या शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या, दूधवाल्यांच्या हाती यंत्र आले ते या दशकात. त्याआधी खेड्यात इंजिन म्हणजे पिठाच्या गिरणीचे नाही तर विहिरीवरचे डिझेल इंजिन. डिझेलमध्ये हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. तिथे ठिणगी नाही, म्हणून ठिणगीचे दुखणेही नाही. गिरणीच्या धुराड्यावर उपडा डबा लावून ‘पुक पुक’ आवाज काढणारा माणूस प्लग, पॉइंट, कंडेन्सर या त्रिकुटापासून मुक्त होता. स्कूटर, लुना आल्या आणि हे तीन शब्द घराघरांत गेले.

त्यांतला कंडेन्सर समजून घेतल्याशिवाय माझी गोष्ट पुढे जाणार नाही. स्कूटरच्या चाकासारख्या फिरणाऱ्या मॅग्नेटमुळे आतल्या वेटोळ्यात वीज तयार होते. पॉइंट म्हणजे दोन छोटी टोके. ती मिटलेली असताना ही वीज वाहत असते. पिस्टन वर आला की नेमक्या क्षणी टोके उघडतात, वीज तुटते आणि त्या तुटण्याच्या झटक्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी उडते. झटका जितका अचानक, तितकी ठिणगी जोरकस. पण वाहत्या विजेला एकदम थांबणे आवडत नाही. टोके उघडली तरी ती फटीतून उडी मारू पाहते. तिला क्षणभर आपल्या पोटात घेणारी बोटाएवढी डबी म्हणजे कंडेन्सर. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये ही युक्ती काढली. आत कागद आणि धातूच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. कागद म्हातारा झाला की थंड असताना काम करतो आणि तापला की गळू लागतो. मग ठिणगी प्लगमध्ये उडण्याऐवजी पॉइंटवरच उडते आणि गाडी बंद. गार झाली की पुन्हा ठीक. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढचा. म्हाताऱ्या कागदाला यापेक्षा वाईट गाव मिळणे कठीण.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण रस्त्यावर ते माझ्या कामी आले नाही. का, हे मला अकोल्यात एका वयस्क मिस्त्रीने शिकवले. दुपारी कशीबशी गाडी त्याच्या दुकानात नेली. सुरू होतीच. मी सगळी हकिकत सांगितली, मूर्तिजापूरला प्लग बदलल्याचेही सांगितले. तो हसला. “मास्तर, थे पलग बदलला म्हून नाही चालली. थे थंडी झाली म्हून चालली. तुमी त्याच्या जागी भजे खाल्ले असते तरी चालली असती.” मग त्याने जे केले ते मी आधी कुठल्याच गॅरेजमध्ये पाहिले नव्हते. चालू गाडीला हातच लावेना. “चालत्या गाडीत काय पाहू? मरू द्या तिले माह्यासमोर.”

आधी त्याने एक तयारी केली. मॅग्नेट काढले, आतल्या कंडेन्सरची तार सोडवून लांब केली आणि बाहेर आणली. कंडेन्सर होता तिथेच ठेवला. दुसरा नवा कंडेन्सर बाहेर गाडीच्या अंगाला बांधला. आता दोघांच्या तारा बाहेर, कॉइलजवळ. मनात येईल ती जोडायची. जुना जोडला आणि गाडी दुकानासमोर उन्हात सुरू करून ठेवली. चहा झाला. पंचवीसेक मिनिटांनी गाडी गेली. तो झटकन उठला, मला मॅग्नेटच्या खिडकीपाशी वाकायला लावले आणि किक मारली. आत पॉइंटवर निळा लोळ उडत होता. प्लग काढून सिलिंडरला टेकवून पाहिला तर तिथे पिवळी मरतुकडी ठिणगी. जुन्याची तार काढून नव्याची लावली आणि पहिल्या किकेत गाडी सुरू. इंजिन तेवढेच तापलेले, हवा तीच, पेट्रोल तेच. मला वाटले झाले. पण त्याने पुन्हा नव्याची तार काढून जुन्याची लावली. गाडी मेली. पुन्हा नवी. सुरू. “आता समजलं का दुखनं कुठी हाय?” त्याने विचारले.

मी पुढे पंचवीस वर्षे मुलांना इंजिन शिकवले आणि दर वर्षी ही दुपार सांगितली. दुखणे गेले यावर विश्वास ठेवू नये. ते आपल्या हाताने आणता आले आणि आपल्या हाताने घालवता आले तरच ते सापडले. मूर्तिजापूरच्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. त्याने प्लग बदलला, गाडी चालली, त्याने पैसे घेतले. त्याच्या जागी मी असतो तर छाती फुगवून हेच केले असते. वेळ हा सर्वांत यशस्वी मिस्त्री आहे, त्याच्या कामाचे पैसे मात्र शेवटी हात लावणारा घेतो. वैद्यकीतही असे होते म्हणतात, पण तो माझा प्रांत नाही.

१९८५ च्या आसपास जपानी सहकार्याच्या शंभर सी.सी. मोटारसायकली आल्या आणि पॉइंट-कंडेन्सरची जोडी हळूहळू निवृत्त झाली. त्यांच्या जागी काळी डांबराने भरलेली एक डबी आली. तिला सगळे सी.डी.आय. म्हणतात. हिच्यातही कंडेन्सर आहेच, पण त्याचे काम उलटे झाले. विजेला पोटात घेऊन थांबवण्याऐवजी तो आधी भरून घेतला जातो आणि नेमक्या क्षणी इलेक्ट्रॉनिक दार उघडून एकदम कॉइलमध्ये रिता केला जातो. घासणारी टोके नाहीत, काच पेपर मारणे नाही. मात्र डबी उघडता येत नाही आणि महाग असते. त्यामुळे गाडी मध्येच बंद पडू लागली की पहिला संशय तिच्यावर आणि पहिली खरेदी तिची. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा ती निर्दोष सुटते. दोष असतो तापल्यावर तुटणाऱ्या पिकअप कॉइलमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये, किल्लीच्या स्विचमध्ये, नाहीतर प्लगच्या टोपीत शिरलेल्या ओलाव्यात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या मुलांच्या गाड्यांत मला हिरवट पडलेले जोड जास्त दिसत. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की मीठ जोडात बसते आणि पहिल्या पावसात ओले होऊन वीज गळवू लागते, असा माझा कयास आहे.

हा कयास कामी आला तो थेट समुद्रावर. माझा एक विद्यार्थी, दर्यापूरकडचा, पोटापाण्यासाठी मालवणला गेला आणि पर्यटकांना पाण्यावरची स्कूटर चालवायला देणाऱ्यांची यंत्रे सांभाळू लागला. समुद्रावरून उसळत जाणारी ही वाहने आता तारकर्लीला कोणीही पाहू शकतो. क्लेटन जेकबसन या अमेरिकन माणसाच्या कल्पनेवरून कावासाकीने १९७३ च्या सुमारास ‘जेट स्की’ बाजारात आणली आणि हा प्रकार जगभर पसरला. इंजिन आपल्या मोटारसायकलीच्याच कुळातले, फक्त ते पाण्याचा झोत मागे फेकते. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पाण्यात पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होते.

त्याचा एके दिवशी फोन आला. “सर, सकाळी चांगली चालते. अर्ध्या तासानं खाडीत मधोमध बंद पडते. टोचन करून आणली की किनाऱ्यावर सुरू. मालक म्हणतात डबी बदल.” रस्त्यात बंद पडलेली स्कूटर ढकलता तरी येते. ओहोटीच्या पाण्यात दोन पर्यटक बसलेले, इंजिन मेलेले आणि ओढ समुद्राकडे, हे चित्र मला फोनवरही नको वाटले. मी विचारले, “बंद पडल्यावर किती वेळानं तपासतोस?” म्हणाला, “किनाऱ्यावर आणून, अर्धा तास तरी जातोच.”

मी त्याला अकोल्याच्या मिस्त्रीचे वाक्य सांगितले. मग त्याने यंत्र धक्क्याला दोरांनी घट्ट बांधले, पाण्यातच, कारण पाण्याविना ते फार वेळ चालवता येत नाही, आणि मरेपर्यंत चालू ठेवले. मेल्याबरोबर प्लग पाहिला. ठिणगी नाही. मग एकेक गोष्ट वेगळी करत गेला. मनगटाच्या दोरीच्या स्विचकडून येणाऱ्या तारांचा जोड सोडला आणि ठिणगी आली. जोड लावला, गेली. सोडला, आली. स्विच फोडून पाहिला तर आत मिठाचा ओलसर थर. इंजिनाच्या उबेने तो जागा होई आणि कोणी न पडताच यंत्राला वाटे की माणूस पाण्यात पडला. नवा स्विच काही शे रुपयांचा. तो बसवेपर्यंत गाडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, दोरीला वगळून तर मुळीच नाही, एवढे मी त्याला बजावले. डबी जुनीच राहिली.

अमरावती-अकोला रस्ताही आता तो राहिला नाही. २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर पंच्याहत्तर किलोमीटरची एक पदरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. शकुंतलाही थांबली. ती जुनी स्कूटर मी १९९० मध्ये विकली, घेणाऱ्याला बाहेर टांगलेल्या कंडेन्सरची गोष्ट सांगून. बहिणीला पुढच्या वर्षी दुसरीकडे नोकरी लागली आणि ती तिथूनच निवृत्त झाली. अमरावतीत ती माझ्या गाडीवर मागे बसते, बाजारात येते, दवाखान्यात येते. अकोल्याला जायचे असले की मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवते, “दादा, मी एस.टी.नं जाते.”